रीस्टार्टच्या आधी

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "मामा, सर्व्हर सुरू होताना तो मेन्यू उगाच तीस सेकंद थांबून राहतो. ग्रब डॉट सीएफजी उघडते आणि तिसाचे पाच करून टाकते." मी "थांब" म्हणालो, तेवढ्यात तुझी बस आली आणि बोलणं राहिलं. ते आज लिहून काढतो आहे. तीस वर्षं कॉलेजच्या लॅबा सांभाळल्या, त्यात जे हाताला लागलं ते आता तुझ्या हवाली करायला हवं, कारण आता मशीनं तुझ्या ताब्यात आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं आपण फोनवर उच्चारतो तशीच लिहितो; टाइप करताना स्पेलिंग काय करायचं ते तुला ठाऊक आहे.

आधी त्या फाइलीचं बोलू. 'बूट'मधल्या 'ग्रब' फोल्डरातली ग्रब डॉट सीएफजी उघडलीस की अगदी वरच लिहिलेलं दिसेल, ही फाइल बदलू नका. लोक ती ओळ वाचतात आणि खाली सरकून बदल करतात. आपल्या आजोबांच्या शेताचा सातबारा आठव. वाटणी झाली आणि नाव चढवायचं होतं, तेव्हा आजोबा पेन घेऊन उताऱ्याच्या कागदावर लिहायला बसले नाहीत. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद घातली, ती मंजूर झाली, आणि मग जो नवा उतारा निघाला त्यावर नाव आलं. ग्रब डॉट सीएफजी हा उतारा आहे. फेरफार करायचा तो 'एटसी डिफॉल्ट ग्रब' या छोट्या फाइलीत, किंवा फार झालं तर 'एटसी ग्रब डॉट डी' या फोल्डरातल्या स्क्रिप्टांत. तिथे 'ग्रब टाइमआउट'च्या पुढचे ३० खोडून ५ कर आणि मग 'सुडो अपडेट-ग्रब' म्हण. उतारा नव्यानं निघतो.

उताऱ्यावरच लिहिलंस तर त्या दिवशी चालेल. मेन्यू पाच सेकंदांत पुढे जाईल, तुला वाटेल झालं काम. मग कर्नलचं अपडेट येईल, ते अपडेट स्वतःच नवा उतारा काढेल आणि तुझे पाच जाऊन तीस परत येतील. टाइमआउटच्या बाबतीत एवढ्यावर निभावतं. पण मी एका लॅबमध्ये पाहिलं आहे, ग्राफिक्स कार्ड नीट चालेना म्हणून कुणी तरी 'नोमोडसेट' हा शब्द थेट ग्रब डॉट सीएफजीत लिहून ठेवला होता. वर्षभर सगळं ठीक. एका अपडेटनंतर बारा मशीनांचे पडदे काळे, आणि ज्यानं तो शब्द लिहिला तो नोकरी सोडून गेलेला. 'एटसी डिफॉल्ट ग्रब'मध्ये तो शब्द लिहिला असता तर दर अपडेटनंतर आपोआप आला असता, आणि पुढच्या माणसाला तो कुठे शोधायचा हेही कळलं असतं.

'अपडेट-ग्रब' हे डेबियन आणि उबुंटूकडचं सोयीचं नाव. आत ते 'ग्रब-एमकेकॉन्फिग'लाच हाक मारतं. आर्चवर हीच आज्ञा पूर्ण लिहायची, 'डॅश ओ' घालून फाइलीचा पत्ता द्यायचा. फेडोरावर तिचं नाव 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' आणि फोल्डर 'बूट ग्रब२'. फेडोराच्या ३४ व्या आवृत्तीपासून आणखी एक पाळ. 'बूट ईएफआय'च्या आत एक ग्रब डॉट सीएफजी दिसते, ती फक्त खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी दोन-चार ओळींची पाटी आहे. जुनी टिपणं वाचून तिच्यावर नवी फाइल लिहू नकोस. आणि तिथे कर्नलला एखादा शब्द द्यायचा असेल तर 'ग्रबी' ही आज्ञा वापरायची, कारण प्रत्येक कर्नलची नोंद आता 'बूट लोडर एंट्रीज'मध्ये वेगळ्या फाइलीत असते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. बाकी कुठलीही सेटिंग चुकली तरी मशीन जागं असतं. अपाची उठला नाही तर लॉग वाचता येतो, घरून एसएसएचनं आत शिरता येतं, चूक सापडते. बूटलोडरची, म्हणजे ग्रबची, चूक उघडी पडते तेव्हा नेटवर्क नसतं, लॉग नसतो, लिनक्सच उठलेलं नसतं. आणि मुख्य म्हणजे चूक केल्या दिवशी ती दिसतच नाही. चालू मशीनला बूटलोडर लागत नाही. कर्नल आणि त्याच्या सोबतची इनिटआरडी मेमरीत आणून ठेवली की त्याचं काम संपतं. पुढे तीनशे दिवस त्याला कुणी विचारत नाही. तोवर तुझी चूक डिस्कवर तशीच पडून असते, वीज जाईपर्यंत.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. एका कॉलेजात मुलांच्या होम डिरेक्टऱ्या ठेवलेला एक सर्व्हर होता. त्याचं '/बूट' वेगळ्या पार्टिशनवर होतं, जेमतेम १०० एमबीचं, आणि जुन्या कर्नलांनी ते भरून गेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती म्हणून मी '/बूट'मधल्या सगळ्या फाइली मोठ्या रूट पार्टिशनवर हलवल्या, एफएसटॅब दुरुस्त केला, मोकळ्या झालेल्या जुन्या पार्टिशनचा स्वॅप केला आणि 'अपडेट-ग्रब' चालवलं. पडद्यावर कर्नलची नावं सापडल्याच्या ओळी आल्या, शेवटी 'डन' आलं. मी कुलूप लावून घरी गेलो. मशीन चालूच होतं, म्हणून रीस्टार्ट केलं नाही.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागल्या. सकाळी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या होत्या, वीस मिनिटांत त्यांनी मान टाकली. वीज आली तेव्हा सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर वर एक ओळ होती, 'एरर: अननोन फाइलसिस्टम', आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द, पुढे टाइप करायची जागा. बाहेर व्हरांड्यात पोरं जर्नलं छातीशी धरून उभी, आत बाहेरगावचे परीक्षक घड्याळाकडे बघताहेत. मी चार महिन्यांपूर्वी काय केलं होतं ते मला त्या क्षणी आठवतही नव्हतं.

झालं होतं असं. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे दोन खुणेला. ४४६ बाइटांत फाइल सिस्टम वाचण्याची अक्कल मावत नाही, म्हणून ग्रबचा दुसरा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसवलेला असतो. त्या तुकड्यात एक पत्ता कोरलेला असतो, बाकीचं ग्रब कुठल्या पार्टिशनवर कुठल्या फोल्डरात आहे त्याचा. माझ्या सर्व्हरवर तो पत्ता जुन्या '/बूट'चा होता. मी मेन्यूची यादी, म्हणजे ग्रब डॉट सीएफजी, नवी केली, पण यादी वाचणाऱ्याला घर बदलल्याचं सांगितलंच नाही. तो जुन्या घरी गेला, तिथे स्वॅप.

'अपडेट-ग्रब' यादी लिहितं. यादी वाचणारा बसवतं ते 'ग्रब-इन्स्टॉल'. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बूटचे निम्मे घोळ ही दोन एक समजण्यातून होतात. '/बूट' हलवलं, डिस्क बदलली, ग्रबचं पॅकेजच नवं आलं, तर दोन्ही करायची. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्सच्या लोकांना हेच भोवलं. ग्रबचं नवं पॅकेज आलं, त्यानं बनवलेल्या यादीत एका आज्ञेचा नवा पर्याय होता, आणि डिस्कवर बसलेलं जुनं ग्रब त्या पर्यायाला ओळखत नव्हतं. काही मशीनं बूटच होईनात. ३० ऑगस्टला आर्चनं सूचना काढली ती हीच की पॅकेज घेतल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'ग्रब-एमकेकॉन्फिग' दोन्ही चालवा.

त्या सकाळी सुटका कशी झाली तेही नीट वाच, कारण हे तुला पाठ असायला हवं. ग्रब रेस्क्यू म्हणजे ग्रबचा तो छोटा तुकडा एकटाच जागा आहे. त्याला एलएस, सेट, अनसेट, इनसमॉड एवढंच येतं. टॅब दाबून नाव पुरं होत नाही. आधी नुसतं 'एलएस' म्हण. कंसात डिस्क आणि पार्टिशनं दिसतात, एचडी शून्य, एचडी शून्य स्वल्पविराम एमएसडॉस एक, दोन, अशी. डिस्क शून्यापासून मोजायची आणि पार्टिशन एकापासून, हे लक्षात ठेव. जुन्या ग्रबमध्ये पार्टिशनही शून्यापासून मोजत आणि जुनी टिपणं अजून फिरतात. मग एकेका पार्टिशनच्या पुढे '/बूट/ग्रब' लावून 'एलएस' करत जायचं. माझ्याकडे पहिल्यावर पुन्हा तीच अननोन फाइलसिस्टमची ओळ आली. दुसऱ्यावर फाइलींची नावं धावत गेली आणि जीव भांड्यात पडला. त्या पार्टिशनचा पत्ता 'सेट प्रीफिक्स'ला द्यायचा, शेवटी '/बूट/ग्रब' जोडून. पार्टिशन 'सेट रूट'ला द्यायचं. मग 'इनसमॉड नॉर्मल', आणि मग नुसतं 'नॉर्मल'. ओळखीचा मेन्यू समोर येतो. लिनक्स वर आलं की पहिलं काम 'सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए'. एसडीए म्हणजे अख्खी डिस्क. एसडीए-एक लिहू नकोस, ते पार्टिशन झालं.

परीक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाली. त्या दिवसापासूनचा माझा नियम सांगतो, तोच माझा कानमंत्र समज. बूटलोडरला हात लावलास की त्याच दिवशी, तुझ्या हातानं, तुझ्या डोळ्यांसमोर मशीन रीस्टार्ट कर. रीस्टार्टला वेळ नसेल, साहेबांची परवानगी नसेल, तर बदलही आज करू नकोस. चूक व्हायचीच असेल तर ती तुला काय केलं ते आठवत असताना, पेन ड्राइव्ह खिशात असताना आणि बाहेर कुणी ताटकळत नसताना होऊ दे. शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नको.

आमच्या पिढीला ही शिस्त आधी लिलोनं लावली होती. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची, तीवरून आम्ही लिनक्स घातलं. तेव्हा बूटलोडर म्हणजे लिलो, वेर्नर आल्मेसबर्गरनं लिहिलेला. त्याला फाइल सिस्टम कळतच नव्हती. कर्नल डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत पडला आहे तेवढं तो टिपून ठेवायचा. कर्नल बदलला आणि 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवायला विसरलो की संपलं. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापायचा, प्रत्येक टप्प्याला एक. कधी 'एल आय' एवढंच छापून थांबायचा आणि त्या दोन अक्षरांवरून आम्ही ओळखायचो गाडी कुठे अडली ते. एरिक बोलेननं १९९५ मध्ये ग्रब लिहायला घेतलं ते जीएनयू हर्ड बूट करण्यासाठी, पण आम्हाला त्याचा सर्वांत मोठा आराम हा वाटला की ग्रब स्वतः फाइल सिस्टम वाचतो. यादी बदलली तर पुन्हा बसवावं लागत नाही. त्या आरामानंच माणसं सैल झाली, मीही झालो.

तुझ्या ऑफिसातली नवी मशीनं यूईएफआयची असतील. खात्री करायची तर '/सिस/फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघ. असेल तर मशीन यूईएफआयनं उठलेलं आहे. इथे ४४६ बाइटांची ओढाताण नाही. फॅट फाइल सिस्टमचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात ग्रब साध्या फाइलीसारखा बसतो, आणि कुठली फाइल आधी उचलायची याची क्रमवारी मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत असते. 'ईएफआयबूटएमजीआर डॅश व्ही' म्हटलंस की ती क्रमवारी दिसते. ती एकदा कागदावर उतरवून ठेव. बोर्डाची सेटिंगं पुसली गेली की डिस्क ठणठणीत असूनही मशीन उठत नाही, आणि माणसं डिस्कला दोष देत बसतात.

रीस्टार्ट करण्याआधी दहा मिनिटं काढायची. जुन्या ग्रब डॉट सीएफजीची प्रत शेजारी ठेव. नवी फाइल थेट जागेवर लिहिण्याऐवजी आधी 'टेम्प'मध्ये बनव आणि 'डिफ' लावून जुनीशी ताडून पाहा. तू टाइमआउट बदलला असशील तर फरक टाइमआउटच्याच ओळींत दिसायला हवा. दुसरीकडे कुठे फरक दिसला तर थांब आणि तो का पडला ते शोध. बहुतेकदा तुझ्या आधीच्या माणसानं उताऱ्यावर केलेली खाडाखोड तिथे सापडते, आणि ती पुसली जाण्याआधी सापडली हे तुझं नशीब. 'ग्रब-स्क्रिप्ट-चेक' फाइलीचं व्याकरण तपासतं, तेही लावून घे. मग 'अपडेट-ग्रब' चालव आणि जे छापून येईल ते मोजून वाच. प्रत्येक 'लिनक्स इमेज'च्या ओळीखाली तिची 'इनिटआरडी इमेज' आली का? '/बूट'मध्ये 'एलएस' करून जेवढे कर्नल दिसतात तेवढेच इथे आले का? कर्नल आहे आणि इनिटआरडी नाही, असं दिसलं तर 'डीएफ डॅश एच /बूट' करून बघ, पार्टिशन भरलेलं असण्याची शक्यता मोठी. 'डन' हा शब्द दिसला एवढ्यावर माझ्यासारखं घरी जाऊ नकोस.

एखादा नवा शब्द कर्नलला देऊन बघायचा असेल तर फाइलीला हातच लावू नकोस. मेन्यू आला की 'ई' दाब. 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी शब्द लिही, कंट्रोल-एक्स दाब. तो बदल तेवढ्या एका वेळेपुरता राहतो. बिघडलं तर बटण दाबून बंद कर, पुढच्या वेळी सगळं जुनंच. चाललं तर मग 'एटसी डिफॉल्ट ग्रब'मध्ये लिही. उबुंटूवर मेन्यू लपलेला असतो. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायची, यूईएफआयवर एस्केप दाबायचं. म्हणूनच टाइमआउट शून्य करू नकोस असं सांगतो. पाच सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही, आणि अडचणीच्या दिवशी तेवढ्याच पाच सेकंदांत तुला 'ई' दाबायचं असतं. सर्व्हरवर 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्दही काढून टाक. चित्र फिरत राहण्यापेक्षा ओळी धावताना दिसल्या तर अडलं कुठे ते कळतं.

मशीन दुसऱ्या गावात असेल तर 'ई' कोण दाबणार? तिथे एक जोडी फार कामाची आहे. 'ग्रब डिफॉल्ट'ला 'सेव्ह्ड' कर, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'नं चालता कर्नल नेमून ठेव, आणि नवा कर्नल 'ग्रब-रीबूट'नं फक्त पुढच्या एका वेळेसाठी निवड. सोबत कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' लिही. नवा कर्नल उठता उठता कोसळला तर दहा सेकंदांनी मशीन स्वतः रीस्टार्ट होतं आणि आपोआप जुन्या, चालत्या कर्नलवर येतं. मात्र एक तपासून घे. ही एका वेळेची नोंद 'ग्रब एन्व्ह' नावाच्या १०२४ बाइटांच्या फाइलीत असते आणि बूट होताना ग्रबला ती पुसावी लागते. '/बूट' एलव्हीएम, रेड किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही. नोंद पुसली जात नाही आणि मशीन पुन्हा पुन्हा त्याच मोडक्या कर्नलवर जाऊन आपटतं. तसं असेल तर दूरचा प्रयोग करू नकोस, आयपीएमआयचा कन्सोल मागून घे किंवा तिथल्या कुणाला तरी मशीनपाशी उभं कर.

'ग्रब डिफॉल्ट'मध्ये नुसता आकडा लिहिण्याची सवयही लावून घेऊ नकोस. आज दोन म्हणजे तुला हवा तो कर्नल. उद्या नवा कर्नल आला की यादी खाली सरकते आणि दोन म्हणजे भलताच कुणी.

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपांवर एक तक्रार सारखी येईल, ती ऐकून ठेव. लिनक्स आणि विंडोज दोन्ही घातलेली पोरं रडवेली होऊन येतात, "अपडेट केलं आणि विंडोज उडालं." उडालेलं काही नसतं. जून २०२१ मधल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवला आहे. 'एटसी डिफॉल्ट ग्रब'मध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर'ला 'फॉल्स' कर, 'अपडेट-ग्रब' चालव, विंडोजची ओळ परत येते. ही दुहेरी नकाराची सेटिंग आहे, बंद करणं हे खोटं, म्हणजे चालू; घाईत उलटी लिहिली जाते. या एका ओळीपायी पोरांनी अख्खी डिस्क फॉरमॅट केलेली मी पाहिली आहे, प्रोजेक्टसकट. कुणी असं सांगत आलं तर आधी त्याचा हात थांबव.

लॅबमधल्या मशीनांना ग्रबचा पासवर्ड घाल, कारण 'ई' जसं तुला दाबता येतं तसं कुणालाही, आणि 'इनिट=/बिन/बॅश' लिहून कुणीही रूट होऊन बसतं. पासवर्ड 'ग्रब-एमकेपासवर्ड-पीबीकेडीएफ२'नं बनवायचा आणि 'एटसी ग्रब डॉट डी'मधल्या '४०_कस्टम' या फाइलीत सुपरयूजरच्या नावासह लिहायचा. पण रोजच्या नोंदीवर 'अनरिस्ट्रिक्टेड' लावायला विसरू नकोस. तो शब्द नसेल तर ग्रब साधं बूट व्हायलाही पासवर्ड मागतं. रात्री वीज जाऊन आली की सर्व्हर सकाळपर्यंत पासवर्डची वाट पाहत बसेल.

एक वही कर. मोबाइलवरची नोंद चालणार नाही, कागदाची वही, आणि ती सर्व्हरच्या खोलीतच राहू दे. प्रत्येक मशीनचं एक पान. त्यावर 'एलएसबीएलके डॅश एफ'चा तक्ता हातानं उतरवून ठेव, कुठल्या पार्टिशनवर काय आहे, फाइल सिस्टम कुठली, यूयूआयडी काय. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कच्या केबली बदलल्या की अदलाबदल होतात, यूयूआयडी बदलत नाही, म्हणून ग्रबही त्याच्यावरच विसंबतो. लिनक्सच्या फाइल सिस्टमच्या यूयूआयडीची छत्तीस चिन्हं असतात, आठ, चार, चार, चार, बारा अशा गटांत, मध्ये आडव्या रेघा. उतरवताना गोल दिसलं तर ते शून्यच, त्यात 'ओ' हे अक्षर येतच नाही. शून्य ते नऊ आणि 'ए' ते 'एफ' एवढीच चिन्हं. 'बी' आणि आठ मात्र जपून लिही. माझ्या वहीत एका पानावर 'बी'चा आठ झाला होता आणि त्या एका अक्षरानं एक संध्याकाळ खाल्ली.

वहीच्या शेजारी पेन ड्राइव्ह, तुझ्या मशीनांवर आहे त्याच डिस्ट्रोचा, आणि वर्षातून दोनदा तो लावून खरंच उठतो का ते बघ. रेस्क्यूनंही जमलं नाही तर त्यावरून मशीन उठवायचं. यूईएफआयचं मशीन असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआयनंच उठला पाहिजे, नाही तर 'ग्रब-इन्स्टॉल' अडून बसतं. मग आपलं रूट पार्टिशन 'एमएनटी'वर माउंट कर. '/बूट' वेगळं असेल तर ते त्याच्या आत, ईएफआयचं पार्टिशन त्याच्याही आत. 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' ही तिन्ही 'माउंट डॅश डॅश बाइंड' करून आत आण, यूईएफआयवर 'सिस'मधलं 'ईएफआयव्हार्स'ही. मग 'सीएचरूट', आणि आता तू तुझ्याच मशीनच्या आत आहेस. 'ग्रब-इन्स्टॉल', 'अपडेट-ग्रब', बाहेर ये, सगळं अनमाउंट कर, पेन ड्राइव्ह काढ. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी डोकं शांत नसतं.

आता तुझ्या तीस सेकंदांचं. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असतं म्हणतेस, तेव्हा कर. आधी वहीचं पान, मग प्रत, मग 'एटसी डिफॉल्ट ग्रब'मध्ये पाच, मग 'डिफ', मग 'अपडेट-ग्रब'. मग रीस्टार्ट, मशीनसमोर उभी राहून. मेन्यूत किती कर्नल दिसले आणि 'अपडेट-ग्रब'नं किती छापले होते ते मोज, आणि मला फोन कर. मी शनिवारी घरीच आहे.